गेमिंग लॅपटॉपसाठी प्रोसेसर कसा निवडावा? (आय-५ की आय-७ या प्रश्नाच्या पलीकडे)



दहावी-बारावीचे निकाल लागले, इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की घराघरात एक विषय निघतोच – लॅपटॉप. आणि मुलांना साधा लॅपटॉप नको असतो, गेमिंगचाच हवा असतो. "बाबा, त्यावर ऑटोकॅडपण चालतं," हे कारणही तयार असतं. (कारण खोटं नाही बरं का, ते पुढे येईलच.) मग पालक ओळखीच्या शिक्षकांना फोन करतात, "सर, आय-५ घेऊ की आय-७?" आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "पैसे असतील तर आय-७ घ्या."

हे उत्तर ऐकायला बरोबर वाटतं, पण त्यात पैसे वाया जाण्याची मोठी शक्यता आहे. कसं ते आज समजून घेऊया.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. लॅपटॉपमधला प्रोसेसर बोर्डवर कायमचा सोल्डर केलेला असतो. पुढे बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते, पण प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप बदलता येत नाही. म्हणजे दुकानात पाच-दहा मिनिटांत घेतलेला निर्णय मुलाला पूर्ण डिग्री संपेपर्यंत वापरायचा असतो. बऱ्याच घरांत ही खरेदी हप्त्यांवर होते, कुठे आईची भिशी मोडलेली असते. म्हणून हा विषय फक्त 'मुलांच्या गेमचा' म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

या लेखाचं सार सुरुवातीलाच सांगतो: गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर 'पुरेसा' घ्यावा आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डावर खर्च करावेत. आणि 'पुरेसा' कोणता, हे स्टिकरवरच्या आय-५, आय-७ वरून ठरत नाही, तर प्रोसेसरच्या पूर्ण नावावरून ठरतं.

१) प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड : कामाची वाटणी

शाळेच्या मैदानावर भली मोठी ठिपक्यांची रांगोळी काढायची आहे, असं समजा. चित्रकलेच्या बाई मध्ये उभ्या राहून सांगतायत – इथे मोर, तिथे कमळ, या ओळीत निळा रंग. आणि शेकडो मुलं त्याप्रमाणे आपापल्या ठिपक्यांत रंग भरतायत.

बाई म्हणजे प्रोसेसर. रंग भरणारी मुलं म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

गेममध्ये अगदी हेच चालतं. शत्रू कुठे आहे, गोळी लागली का, गाडी भिंतीला धडकली तर काय होईल, हा सगळा विचार प्रोसेसर करतो आणि 'आता पडद्यावर काय काय काढायचं' याची यादी ग्राफिक्स कार्डाला देतो. कार्ड ते चित्र रंगवतं. असं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला अशी ६० चित्रं पडद्यावर आली की गेम गुळगुळीत चालतोय असं वाटतं.

आता विचार करा. बाई भराभर सूचना देतायत, पण मैदानावर मुलं मोजकीच आहेत. काय होईल? बाईंना थांबून राहावं लागेल. अजून हुशार बाई आणल्या म्हणून रांगोळी लवकर होणार नाही, मुलं वाढवावी लागतील. महागडा प्रोसेसर आणि हलकं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपची गत अशीच असते.

उलटही होऊ शकतं. मुलं भरपूर आहेत, पण बाई हळू सांगतायत. मग मुलं हातात रंग घेऊन नुसती बसतात. म्हणून प्रोसेसर अगदीच कमजोर असूनही चालत नाही. तो कार्डाला वाट पाहायला लावणार नाही इतका सक्षम असला की झालं. त्यापुढे त्याच्यावर घातलेला पैसा गेममध्ये फारसा दिसत नाही.

२) ठिपक्यांचं गणित

हा भाग गणिताच्या शिक्षकांना आवडेल. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं काढायची म्हणजे १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके दर सेकंदाला रंगवायचे! एवढं काम ग्राफिक्स कार्ड करू शकतं, कारण त्यात हजारो छोटे गणक असतात. उदाहरणार्थ, लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०५० कार्डात २,५६० आहेत. प्रोसेसरमध्ये कोअर असतात आठ, दहा, चौदा. पण त्यातला प्रत्येक कोअर स्वतंत्र विचार करू शकणारा.

आता वेळेचं गणित. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्रासाठी मिळतात सुमारे १६.७ मिलिसेकंद. गेमिंग लॅपटॉपचे पडदे बऱ्याचदा १४४ हर्ट्झचे असतात. त्याचा पूर्ण उपयोग करायचा तर एका चित्राला उरतात फक्त ६.९ मिलिसेकंद. तेवढ्यात बाईंनी सूचना द्यायच्या आणि मुलांनी रंगवायचं.

यातून एक महत्त्वाचा फरक लक्षात येतो. पडद्यावरचे ठिपके किंवा चित्राचा दर्जा वाढवला की भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो. सेकंदाला चित्रं जास्त हवी असतील तर प्रोसेसरवरही भार वाढतो. म्हणून 'सायबरपंक २०७७'सारखा भव्य दृश्यांचा गेम सहसा कार्डाची परीक्षा घेतो. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २'सारखे गेम मुलं कमी सेटिंगवर, सेकंदाला दोनशे-तीनशे चित्रं मिळावीत म्हणून खेळतात, तिथे प्रोसेसरचा वेग कामी येतो. म्हणून मुलाला पहिला प्रश्न हाच विचारा, "तू नक्की कुठले गेम खेळणार आहेस?"

३) इंटेलचं नाव कसं वाचायचं?

आता मुख्य मुद्दा. दुकानदार म्हणतो, "साहेब, आय-७ आहे!" आपण विचारायचं, "आय-७ मधला कुठला? पूर्ण नाव सांगा."

उदाहरण घेऊ : कोअर आय-५ १२४५०एच.

* आय-५ : हा दर्जाचा ढोबळ गट. आय-३, आय-५, आय-७, आय-९.
* १२ : ही पिढी. म्हणजे बारावी पिढी.
* ४५० : त्या पिढीतला क्रमांक.
* एच : हे शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं, आणि जाहिरातीत नेमकं हेच गाळलेलं असतं.

शेवटचं अक्षर सांगतं की हा प्रोसेसर किती वीज वापरण्यासाठी बनवलाय. यू असेल तर मूळ क्षमता साधारण १५ वॉट – हलके, पातळ, ऑफिसचे लॅपटॉप. एच असेल तर ४५ वॉट – गेमिंगचे. एचएक्स असेल तर ५५ वॉट – मुळात डेस्कटॉपसाठीची चिप लॅपटॉपमध्ये बसवलेली.

आता हे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून बघा. आय-७ १२५५यू आणि आय-५ १२४५०एच. पहिल्यात १० कोअर, दुसऱ्यात ८. पहिला आय-७, दुसरा आय-५. कागदावर पहिला मोठा वाटतो ना? पण पहिल्यात जोरदार कोअर फक्त २ आहेत आणि ८ छोटे, वीज वाचवणारे. दुसऱ्यात ४ जोरदार आणि ४ छोटे. शिवाय दुसऱ्याला वीज जास्त वापरायची मुभा. गेमसाठी हा आय-५ त्या आय-७ पेक्षा उजवा आहे. नुसतं 'आय-७' बघून पैसे देणारा पालक इथेच फसतो.

दुसरा सापळा नव्या नावाचा. आय-५ १२४५०एच २०२२ मध्ये आला. पुढच्या वर्षी आला आय-५ १३४२०एच. त्यानंतर इंटेलने नावातलं 'आय' काढलं आणि आला कोअर ५ २१०एच. तिन्हींत ४ जोरदार आणि ४ छोटे कोअर, तिन्हींत १२ एमबी कॅशे. कमाल वेग तेवढा ४.४, ४.६, ४.८ गिगाहर्ट्झ असा थोडा-थोडा वाढलेला. चिप वाईट नाही, चांगलीच आहे. पण 'एकदम नवीन आहे' म्हणून जास्तीचे पैसे मागत असतील तर द्यायचं कारण नाही. आणि जुन्या नावाचा लॅपटॉप चांगल्या ग्राफिक्स कार्डासह स्वस्त मिळत असेल तर तो आनंदाने घ्या.

४) एएमडीचं नाव कसं वाचायचं?

एएमडीचे रायझन प्रोसेसर गेमिंगसाठी तितकेच चांगले असतात. 'इंटेलच घ्या, एएमडी तापतो' असं अजूनही कोणी सांगतं, तिकडे लक्ष देऊ नका. तापणं हे कंपनीच्या नावापेक्षा लॅपटॉपच्या पंख्यांवर आणि चिपला किती वीज दिली आहे त्यावर ठरतं.

७००० आणि ८००० मालिकेतल्या रायझनच्या चार आकड्यांत एक छान किल्ली दडलेली आहे. पहिला आकडा वर्ष सांगतो – ७ म्हणजे २०२३, ८ म्हणजे २०२४. तिसरा आकडा सांगतो की आतली रचना कुठल्या पिढीची आहे. ३ असेल तर झेन ३ (किंवा तिची सुधारित आवृत्ती), ४ असेल तर त्यापुढची झेन ४.

* रायझन ५ ७५३५एचएस – आतली रचना झेन ३ च्या पिढीची.
* रायझन ५ ७६४०एचएस – आतली रचना झेन ४ ची.

दोघांतही ६ कोअर, दोघंही 'रायझन ५', दोघंही २०२३ च्या मालिकेतले. पण दुसरा एक पिढी पुढचा. रायझन ७ मध्येही तसंच – ७७३५एचएस आणि ७८४०एचएस, दोन्ही ८ कोअरचे, पण दुसरा नव्या रचनेचा. मुलांना ही तिसऱ्या आकड्याची युक्ती सांगा, लगेच लक्षात राहते. फक्त ५६००एचसारख्या आधीच्या नावांना आणि 'रायझन एआय' या नंतरच्या नावांना ती लागू पडत नाही.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. रायझन ५ ७२३५एचएस मध्ये नाव 'रायझन ५' असलं तरी कोअर ४ च आहेत. आणि रायझन ७ ७४३५एचएस मध्ये ८ कोअर आहेत, गेमसाठी तो ठीक आहे, पण त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. म्हणजे साधं पीडीएफ वाचतानाही मोठं ग्राफिक्स कार्ड चालू राहतं आणि बॅटरी लवकर उतरते. लॅपटॉप घरी टेबलावरच राहणार असेल तर चालेल. कॉलेजात लेक्चरला न्यायचा असेल तर दोनदा विचार करा.

५) जास्त कोअर म्हणजे जास्त चांगलं का?

फळ्यावर एक लांबलचक गणित सोडवायचं आहे, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून आहे. दहा विद्यार्थी उभे केले म्हणून ते दहापट लवकर सुटेल का? नाही ना. तिथे एकच चलाख विद्यार्थी हवा.

गेममधलं बरंचसं मुख्य काम असं एकामागून एक चालतं. म्हणून ठरावीक मर्यादेनंतर कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो. सहा ते आठ चांगले कोअर आजच्या बहुतेक गेमना पुरतात. आय-९ १३९८०एचएक्स मध्ये २४ कोअर आहेत, पण आरटीएक्स ४०५० सारख्या कार्डासोबत ते बहुतेक वेळ रिकामेच बसतील.

मग जास्त कोअर कुणाला हवेत? व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला, ब्लेंडरमध्ये प्रोसेसरवर रेंडर करणाऱ्याला, मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणाऱ्याला. ही कामं दहा जणांत वाटता येतात. मुलगा-मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला किंवा ॲनिमेशनला जाणार असेल तर १० ते १४ कोअरचा प्रोसेसर घेण्यात अर्थ आहे. इथे 'गेमिंग लॅपटॉप अभ्यासालाही लागतो' हे मुलांचं म्हणणं खरं ठरतं. त्रिमिती डिझाइन, ब्लेंडर, एआयचे छोटे प्रयोग यांना ग्राफिक्स कार्डाचाही उपयोग होतो.

बाय द वे, बॉक्सवर 'एआय' लिहिलंय म्हणून गेम जोरात चालेल असं समजू नका. त्यातला वेगळा एआय भाग व्हिडिओ कॉलमध्ये मागचं दृश्य धूसर करणं वगैरे कामं कमी विजेत करतो. गेमच्या फ्रेम त्याने वाढत नाहीत.

६) उष्णता : कागदावर न दिसणारी गोष्ट

शंभर मीटर धावणारा मुलगा त्याच वेगाने पाच किलोमीटर धावू शकत नाही. प्रोसेसरचंही तसंच. बॉक्सवरचा '४.८ गिगाहर्ट्झ' हा शंभर मीटरचा वेग आहे. आय-५ १२४५०एच ची मूळ क्षमता ४५ वॉट, पण जोरात धावताना तो ९५ वॉटपर्यंत जाऊ शकतो. तेवढी उष्णता बाहेर टाकता आली नाही आणि चिपचं तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की ती स्वतःच आपला वेग कमी करते. गेम सुरुवातीला छान चालतो आणि वीस मिनिटांनी अडखळायला लागतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

आपल्याकडे अकोला-नागपूरच्या मे महिन्यात खोलीतली हवाच तापलेली असते. म्हणून पातळ, देखण्या लॅपटॉपमधल्या आय-९ पेक्षा जाड, मोठ्या पंख्यांच्या लॅपटॉपमधला आय-५ जास्त वेळ टिकून खेळू देतो.

ग्राफिक्स कार्डालाही हेच लागू. एकच आरटीएक्स ४०५० कार्ड कंपन्या ३५ ते ११५ वॉट अशा वेगवेगळ्या क्षमतेवर बसवतात. नाव एकच, जोर वेगळा. म्हणून वॉट विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

७) मग घ्यायचा कुठला?

* आरटीएक्स ३०५० किंवा ४०५० दर्जाचं कार्ड असेल तर : आय-५ १२४५०एच, आय-५ १३४२०एच, कोअर ५ २१०एच किंवा रायझन ५ ७५३५एचएस पुरेसे आहेत. रायझन ५ ७६४०एचएस मिळाला तर उत्तम.
* आरटीएक्स ४०६० किंवा त्यापुढचं कार्ड असेल तर : आय-५ १३४५०एचएक्स, आय-७ १३६५०एचएक्स, रायझन ७ ७८४०एचएस किंवा ८८४५एचएस यांच्याशी जोडी चांगली जमते.
* गेमसोबत व्हिडिओ, ॲनिमेशन, कोडिंगचं जड काम असेल तर : वरच्यातला १४ कोअरचा आय-७ १३६५०एचएक्स किंवा ८ कोअरचा झेन ४ रायझन ७.
* 'यू' अक्षराचा प्रोसेसर : गेमिंगसाठी नको, मग तो आय-७ का असेना.

आणि सगळ्यात उपयोगी नियम : एकाच किमतीत 'आय-७ आणि आरटीएक्स ३०५०' आणि 'आय-५ आणि आरटीएक्स ४०५०' असे दोन लॅपटॉप समोर असतील, तर गेमसाठी दुसरा घ्या. (दोन्ही प्रोसेसर 'एच' वर्गातले आहेत याची खात्री करून.)

८) दुकानात विचारायचे पाच प्रश्न

हे कागदावर लिहून न्या. मुलालाच विचारू द्या.

१. प्रोसेसरचं शेवटच्या अक्षरासकट पूर्ण नाव काय?
२. ग्राफिक्स कार्ड कुठलं, त्याची मेमरी किती जीबी आणि क्षमता किती वॉट?
३. रॅम १६ जीबी आहे का? एकच पट्टी आहे की ८-८ च्या दोन? (दोन असतील तर प्रोसेसरला माहिती जास्त वेगाने मिळते.)
४. रॅम आणि एसएसडी पुढे वाढवता येते का?
५. याच मॉडेलवर अर्धा तास सलग गेम खेळलेली चाचणी कुठे बघायला मिळेल?

पाचव्याचं उत्तर दुकानात मिळालं नाही तर घरी येऊन मॉडेलच्या पूर्ण नावाने व्हिडिओ शोधा. दुकानदार पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं टाळत असेल तर त्या दिवशी नमस्कार करून बाहेर पडा. लॅपटॉप पळून जात नाही.

९) वर्गात घेता येईल असा उपक्रम

आठवी-नववीच्या वर्गात दोन लॅपटॉपच्या जाहिराती फळ्यावर लिहा. मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने प्रोसेसरचं नाव उलगडून सांगायचं, जाहिरातीत कुठली माहिती दिलेली नाही ते शोधायचं, आणि शेवटी एक लॅपटॉप निवडून कारण द्यायचं. सोबत ६०, १२० आणि १४४ फ्रेमसाठी एका चित्राला किती मिलिसेकंद मिळतात हे काढायला सांगा. भागाकाराचा सराव आपोआप होईल.

ज्यांच्याकडे गेमिंग लॅपटॉप आहे, त्यांनी घरी एक प्रयोग करावा. गेममध्ये पडद्याचे ठिपके (रिझोल्यूशन) कमी करून बघा. फ्रेम बऱ्याच वाढल्या तर अडकत होतं ग्राफिक्स कार्ड. फारशा वाढल्या नाहीत तर अडकतोय प्रोसेसर. बाई की मुलं, कोण हळू आहे ते लगेच कळतं!

शेवटी पालकांसाठी

मुलगा किंवा मुलगी गेमिंग लॅपटॉप मागते तेव्हा 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी एक काम द्या. "तीन लॅपटॉप निवड, त्यांच्या प्रोसेसरची आणि कार्डाची पूर्ण नावं लिही, आणि एकच का घ्यायचा ते मला समजावून सांग." जे मूल हे करेल ते घरातला पैसा काय असतो हेही शिकेल. आणि घरात आय-७ चं स्टिकर आलं नाही म्हणून कुणाला वाईट वाटणार नाही, कारण का आणलं नाही हे त्या मुलालाच सगळ्यात जास्त माहीत असेल.

लेख उपयोगी वाटला तर प्रवेशाच्या धावपळीत असलेल्या पालकांपर्यंत जरूर पोहोचवा.